रत्नीच्या वाट्याची हुग्गी

खपली गहू अर्धे उखळात कांडून झाले होते, अर्धे ओल्या फडक्यात तसेच होते. उद्या श्रावणी अमावास्या. सिद्धेश्वराला हुग्गीचा नैवेद्य न्यायचा म्हणून चन्नम्मानं दुपारची भांडी आवरल्या आवरल्याच मुसळ हातात घेतलं होतं. गूळ-खोबरं घालून ही गव्हाची खीर शिजली की बाळीवेशीतल्या त्यांच्या बोळात वास दरवळायचा.

तिची आठ वर्षांची लेक रत्नी उंबऱ्यात बसून बघत होती. ती म्हणाली, "अव्वा, उद्या मला हुग्गी नको. खाल्ली की पोट दुखतंय."

मुसळ वरच्या वर थांबलं. "प्रसादाला नको म्हणतीस? गालात मारून घे."

रत्नीनं दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या. पण बोलणं मागं घेतलं नाही.

दोन वर्षं हे पोटदुखीचं चाललं होतं. दुखायला लागलं की पोर घडी घातल्यासारखी वळायची, जुलाब व्हायचे, हातपाय काड्या झाले होते. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, फोटो काढला आणि काही सापडत नाही म्हणाले. हलकं खायला द्या, पाव, बिस्किटं, रव्याची पेज. सोमलिंग, म्हणजे चन्नम्माचा नवरा, गिरणीची पाळी संपवून येताना आठवणीनं बिस्किटाचा पुडा आणायचा. घरात सगळे भाकरी खात, रत्नीला मात्र मऊ चपाती. शाळेत बाई म्हणत, पाढ्यांचा दिवस आला की हिचं पोट बरं दुखतं. शेजारणींनी तर किती वेळा मीठ-मोहऱ्या उतरवल्या, त्याला सुमार नाही. शेवटी गेल्या दिवाळीत चन्नम्मानं नवस बोलला. पोर बरी होईपर्यंत दर अमावास्येला हुग्गी करीन आणि पहिली वाटी तिला देईन.

मुसळ ठेवून ती आत गेली आणि देव्हाऱ्याखालची वही काढली. रोज लिंगपूजा झाली की ती वहीत एकशे आठ वेळा 'ॐ नमः शिवाय' लिही. ज्या दिवशी रत्नीचं पोट दुखे त्या दिवशी पानाच्या कोपऱ्यात बेलाचं पान काढी, देवाची नजर तिथं जावी म्हणून. मागं वळून ती पानं तिनं कधी बघितली नव्हती. देवाच्या नावाची उजळणी काय करायची?

आज बघितली. दर अमावास्येनंतरची चार-पाच पानं बेलानं भरलेली. आषाढातही तसंच, ज्येष्ठातही तसंच. मधेही तुरळक होतेच. मे महिन्यात मात्र एक बेल नाही. तेव्हा रत्नी होटगीला आजोळी होती आणि तिथं एकदाही दुखल्याचा निरोप आला नव्हता. तिथली अज्जी हट्टी. आजारी माणसाचं ताट वेगळं वाढलं की आजार पाहुणा होऊन राहतो, असं म्हणून तिनं पोरीला सगळ्यांबरोबर ज्वारीची भाकरी आणि ताक दिलं होतं. पोर गालानं भरून आली तेव्हा सगळे म्हणाले, होटगीचं पाणी मानवलं.

पाणी की भाकरी? चपाती, पाव, बिस्किट, हुग्गी, सगळं गव्हाचंच. पण गव्हाला दोष द्यावा तर तो देवाच्या वाटीपर्यंत जात होता. आपण नवसानं लेकरू बरं करतोय की आजारी पाडतोय, हे विचारायचं कुणाला? आणि वाटी दिली नाही तर नवस मोडला, त्याचं पाप पुन्हा पोरीच्याच माथी.

सासूबाई, शरणम्मा, खाटेवर वाती वळत होत्या. चन्नम्मा त्यांना अत्ती म्हणे. वही पुढं ठेवून तिनं सगळं सांगितलं. शरणम्मांना वाचता येत नव्हतं, पण बेलाची पानं त्यांनी बोटानं एकेक मोजली. मग हातातली वात पुन्हा वळायला घेतली. वात वळून झाली तशी म्हणाल्या,

"नवस तू बोललीस. देवानं मागितलं न्हवतं की."

"पण अत्ती, पहिली वाटी तिला द्यायची बोललेय."

"दे की. हातात दे. डोळ्याला लावंल आणि माझ्याकडं देईल. प्रसाद डोळ्याला लावला तरी पावतोय."

"तुमी खाणार? गोड चालतंय व्हय तुमाला?"

"चालत न्हाय. नातीसाठी सोसंन," म्हातारी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, आणि दारातली रत्नी फिसकन हसली.

चन्नम्माला हसू आलं नाही, पण छातीवरचं ओझं थोडं हललं. गव्हानंच दुखतं, असं ती शपथेवर सांगू शकत नव्हती. पुढच्या अमावास्येपर्यंत पोरीला चपाती नाही, पाव नाही, बिस्किट नाही. मग वही बघायची. तिनं देवापुढं हात जोडले आणि एवढा महिनाभर नीट बघ म्हणाली.

कांडलेले अर्धे गहू नैवेद्याला पुरेसे होते. उरलेले ओले गहू तिनं फडक्यावर पसरून वाळत टाकले, उखळ पुसलं आणि कणगीतून दोन मापं ज्वारी पिशवीत भरली. पिठाची चक्की बंद व्हायच्या आत रत्नीसाठी कण्या भरडून आणायच्या होत्या.