टी पेशीला केलेला फोन

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, कारण इतका मोठा गाढवपणा रिसोडच्या बाजारात माझ्याआधी कोणी केला नसेल!

माझी लेक पुण्यात टी पेशींवर संशोधन करते. मी शिकलेला नाही. जे काही शिकलो ते तिच्याकडून, फोनवर, सोयाबीनच्या पोत्यावर बसून. "बाबा, ह्या पेशी म्हनजे शरीराच्या राखनदार. जंतूचा तुकडा समोर आला की चाचपून पाह्यतात. ओळख पटली की आतमधी भराभर निरोप सुटतात, पेशी लढाले उठते. तुकडा जरासा बदलला, की सुरुवातीचे निरोपच बदलून जातात."

झालं! एवढं ज्ञान मला पुरे होतं.

तिला घरी येऊन वर्ष उलटलं होतं. रोज मी म्हणायचो, "ये वं माय." रोज ती म्हणायची, "पाहू बाबा." पुण्याची गाडी आली की मी आपला स्टँडवर उभा, उतरणारे चेहरे बघत. कोणाची वाट पाहता, असं कोणी विचारलं तर? पार्सलची, म्हणायचो!

म्हटलं, तुकडा बदलला की निरोप बदलतात, तर आपण वाक्यच बदलून पाहू. बाजारात नाही का, 'नको तुझा माल' म्हटलं की समोरचा जवळ सरकतो?

"यंदा दिवाळीले नको येऊ," मी म्हणालो.

"काहून?"

"गाड्याइत लय गर्दी रायते."

"चालते मले."

आता थांबावं की नाही? पण व्यापाऱ्याची जीभ! "घराले रंग देऊन राह्यलो."

"माह्या खोलीले पन?"

"तुह्या खोलीत तं पोते ठेवले."

"बरं बाबा." फोन बंद.

मी खूश! आता पोरगी धावत येणार!

धावत आली ती बायको. एका हातात फोन, दुसऱ्याला बेसन. "काय बोलले तुमी तिले? पोरगी रडून राह्यली! तिकीट काढलं होतं तिनं, तुमाले न सांगता येनार होती. आता रद्द केलं!"

मी घाईघाईनं फोन लावला. "ये वं माय! खोली रिकामी हाये! रंग नाही, गर्दी नाही, काहीच नाही!"

ती नाक ओढत हसली. "बाबा, बदललेल्या तुकड्यानं पेशी एकदा सुस्त पडली ना, मंग खरा तुकडा समोर धरला तरी उठत नाही."

"मंग कशानं उठते?"

"बाहेरून दुसरं काही द्या लागते."

"नाव सांग! रिसोडात भेटत असन तं आत्ता आनतो!"

ती बारीक आवाजात म्हणाली, "तुमीच या ना बाबा."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप, चिवड्याचा डबा आणि पुण्याची दोन तिकिटं. बायकोची अट एकच: तिथं पोचल्यावर मी तोंड उघडायचं ते फक्त चिवडा खायला!