चार बोटांचा हिमालय

नकाशावर बोटांनी अंतर मोजायचं नसतं, हे मला घरात भूगोलाची शिक्षिका असूनही लग्नानंतर पंधरा वर्षांनी कळलं.

काल कपाटातून स्वेटर काढताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि कोथरूडच्या घरातली ती दुपार आठवली. पलंगभर लोकरीचे कपडे, मधोमध नकाशा आणि मी सहलीचा सर्वेसर्वा! बायको दरवर्षी वर्गात हिमवर्षाव शिकवायची, पण तिनं बर्फ पाहिला होता तो फक्त फ्रिजमधला. म्हणून तिच्या नाताळच्या सुट्टीत आपल्या गाडीनं हिमालयात जायचं आणि औली, नारकंडा, सोलंग अशा तिन्ही ठिकाणी स्कीइंग करायचं, असा माझा बेत होता.

“सकाळी औलीत पोहे खायचे, रात्री सोलंगला मुक्काम. चार बोटं तर अंतर आहे!” मी म्हणालो.

“अहो, त्या चार बोटांत घाट किती आहेत? माझी सगळी सुट्टी रस्त्यातच संपेल.”

माझा चेहरा उतरला. तिचा मात्र फुललेलाच होता. नंतर खरा बर्फ पाहिला तेव्हाही ती इतकी खूश दिसली नाही, असं आता वाटतं. तिनं माझ्याकडून पेन्सिल घेतली, दोन नावं खोडली, कानटोपी चढवून आरशात पाहिलं आणि म्हणाली, “तीन ठिकाणी घाईघाईनं पडण्यापेक्षा एकाच ठिकाणी मनसोक्त पडू.”