पानाची खालची बाजू

कोणतेही रोपटे समोर आले की मामा प्रथम त्याचे एक पान उलटे करीत. "वरनं समदीच हिरवी दिसत्यात, सर," एवढेच त्यांचे वनस्पतिशास्त्र. माझे पदवीपर्यंतचे होते.

सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या शाळेत ते शिपाई होते. मामा हे मुलांनी दिलेले नाव. शाळेमागे त्यांनी तुळस, गवती चहा आणि पुदिना लावला होता. पुदिना माळशिरसचा, त्यांच्या दिवंगत पत्नीने परसात जोपासलेला. गावचे घर विकले, तेव्हा तेवढा त्यांनी उपटून बरोबर आणला.

त्यांचे नियम मोजके होते. पाणी सकाळीच आणि मुळाशीच द्यायचे. रोपे दाटीने लावायची नाहीत. रोगट पानाला हात लागला की तो धुतल्याशिवाय दुसऱ्या रोपाला लावायचा नाही. या शेवटच्या नियमाला शिक्षक-खोलीत आम्ही 'मामांचे सोवळे' म्हणत असू.

एका श्रावणात पुदिन्याच्या पानांखाली नारिंगी ठिपके दिसले. तांबेरा. रोग एकाच रोपावर होता. मामा ते काढणार, एवढ्यात त्यांना कार्यालयात बोलावणे आले. मी शिक्षक, संधी कशी सोडणार? सातवीचा वर्ग बाहेर आणला, पान खुडले, बुरशी कशी पसरते हे सविस्तर समजावले आणि ते पान मुलांच्या हातोहात फिरवले. मग निरोगी पाने ओळखण्यासाठी सर्वांना वाफ्यात सोडले. पाठ परिणामकारक झाला. पंधरवड्यात सारा वाफा तांबूस पडला.

मामांनी काही विचारले नाही. मीही काही बोललो नाही. आंबट ताक फवारावे, असे मात्र सुचवले.

"ताकानं भागायची येळ गेली की, सर."

त्यांनी वाफा उपटला, पाला जाळला, काही मुळ्या धुऊन बाजूला ठेवल्या. त्या गरम पाण्यात बुडवाव्यात, चव्वेचाळीस अंशांवर, दहा मिनिटे, हे मी पुस्तकात वाचले होते. प्रयोगशाळेतला तापमापक धरून मी बादलीशेजारी बसलो. मामा पाण्यात बोट घालून म्हणाले, "आमच्या मंडळींना एवढं कढत सोसायचं न्हाय."

कुंड्यांत नव्या मातीत लावलेल्या त्या मुळ्यांपैकी तीन फुटल्या.

दरम्यान तपासणी समिती आली. रिकाम्या वाफ्यापुढच्या 'औषधी वनस्पती उद्यान' या फलकाजवळ तिने छायाचित्र काढले आणि माझ्या टाचणवहीतल्या त्या पाठाची 'अनुकरणीय' अशी नोंद केली. मी ती नोंद विनम्रपणे स्वीकारली.

निवृत्तीच्या समारंभात मामांनी हाती आलेल्या पुष्पगुच्छातले पान उलटे केले. सभागृह हसले, तुम्हीही हसला असता. नंतर व्हरांड्यात त्यांनी माझ्यापुढे पुदिन्याची एक कुंडी धरली.

"हात धुऊन लावा, सर. त्या दिशी ऱ्हायलं हुतं."

मला वाटत होते, त्यांना ते कळलेच नाही.

मामा आता लेकीकडे पुण्याला असतात. तीनपैकी दोन रोपे त्यांनी नेली. तिसरे माझ्या खिडकीत वाढते आहे. चहाला पान हवे असले की मी आधी मोरीवर जातो.