महानंदाअक्कांच्या परवानगीशिवाय

महानंदाअक्का संगणकाशी भांडायच्या. तेही मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असं. उदगीरला त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली, त्या दिवशी पेटी उंबऱ्यातच ठेवून मी ऐकत उभी राहिले. आतून आवाज येत होता, "आत्ता करू का रात्री करू म्हणायलंय. अरे, करूच नको म्हणायचं बटण कुठाय? साकु! साकु म्हणलेलं कळत न्हाई का तुला?" साकु म्हणजे कानडीत पुरे. मला वाटलं, घरात कुणी हट्टी माणूस असेल. वाकून पाहिलं तर कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेली एक ठेंगणी बाई संगणकासमोर एकटीच बसली होती आणि स्क्रीनवरच्या चौकटीवर बोट रोखून तिला दटावत होती. नवी सिस्टीम फुकट आहे, घ्या, असा तो निरोप होता.

"शिकलेली हायेस का?" माझ्याकडं वळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"बीएस्सी. इथल्या शाळेत लागलेय," मी म्हणाले. देगलूरकडच्या आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

"मग सांग मास्तरीण, फुकटची वस्तू नको म्हणायची तर कुठं दाबायचं?"

मी कोपऱ्यातल्या फुलीवर दाबलं. चौकट गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. अक्का म्हणाल्या, "येऊ दे. परत घालवू. लई जणांना घालवलंय मी."

ते खरंच होतं. त्यांचे यजमान दाळमिलमध्ये मुनीम होते. ते वारल्यावर दिरांनी अक्कांना निलंग्याला न्यायला जीप पाठवली. अक्कांनी ड्रायव्हरला चहा पाजला, वर चिवडा बांधून दिला आणि जीप रिकामी परत पाठवली. मग टायपिंग शिकल्या, संगणक घेतला आणि घरात बसून छापायच्या लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवायला लागल्या. मराठी, कानडी, दोन्ही. निम्म्या उदगीरच्या लग्नांचं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' त्यांच्या हातून गेलेलं.

पण पत्रिका जुळवायचा त्यांचा प्रोग्रॅम जुना, त्यातले अक्षरांचे फॉन्ट जुने. नव्या सिस्टीमवर तो नीट चालतच नसे. बाजारातल्या एका दुकानात त्यांनी खात्री करून घेतली होती. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटले. म्हणजे नवी सिस्टीम आली की काम गेलं, आणि काम गेलं की पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये. मुलगा बसवराज तिथं कंपनीत होता. आईनं आता आराम करावा, असं त्याचं म्हणणं. अक्कांना त्या शब्दाची चीड होती. "आराम करायला मी काय आजारी हाय?"

अक्का नव्याच्या विरोधात होत्या असं कुणी समजू नये. लहानसहान अपडेट त्या नीट करून घेत. "अपडेट म्हंजे गोळी-औषध. वेळच्या वेळी घ्यावं. अपग्रेड म्हंजे घर बदलणं. ते घरधनिणीला विचारून करतेत." त्याचं वेळापत्रक त्यांनी आपल्या पद्धतीनं बसवलं होतं. अमावस्येला नवं काही हाती घ्यायचं नाही, म्हणून त्या दिवशी सगळ्या कामाची नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरवून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवायची. प्रतिपदेला अपडेट. मी एकदा हसले. त्या म्हणाल्या, "हस की. तुझी बीएस्सी तारीख विसरती, माझी अमावस्या विसरत न्हाई."

तो दुष्काळ मी जन्मात विसरणार नाही. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं, ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. आम्हाला उदगीरला नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. आला की गल्लीत हाळी उठायची आणि माणसं जेवत्या ताटावरून उठायची. त्यातच उदगीर जिल्हा होणार अशी हूल उठली. एका कापडदुकानदारानं तर घाईनं पाटीवर 'जि. उदगीर' रंगवूनही घेतलं. अक्का त्याच्या दुकानासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पाटी मोठी केली, बरं केलं. नळाला सांगितलं का?" त्याच दुकानदाराच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका अक्कांकडंच होती. सोमवारी छापखान्यात द्यायची होती.

त्याच्या आदल्या शनिवारी सकाळी नळ आला. अक्का घागरी घेऊन बाहेर धावल्या, मी मोटर लावायला आत गेले. घरात मोठ्या पिनचा पॉइंट एकच होता. त्याच्यावर एक तर संगणक चालायचा, नाहीतर पाणी ओढायची मोटर. मी पाहते तो स्क्रीन निळी झालेली, आकडा सरकतोय आणि खाली सूचना: काम चालू आहे, संगणक बंद करू नका.

मी हाक मारली. अक्का ओल्या पायांनी आत आल्या, पाहिलं आणि फोन उचलला. दिवाळीत बसवराजनं पुण्यात बसून हे मशीन चालवता यावं असा काहीतरी प्रोग्रॅम टाकून ठेवला होता.

"बसू, तू केलंस हे?"

"हाव आई. तुला सांगितलं असतं तर तू ऐकली नसतीस. आता हात लावू नको, तासाभरात होतंय."

"नळ आलाय."

"असू दे. मधेच बंद केलं तर मशीन मरंल, आई!"

"आणि पाणी गेलं तर?"

"मी टँकर सांगतो ना. पैसे पाठवतो."

"टँकर तुझ्या पुण्यात सांगितल्यावर येतो. इथं पाया पडल्यावर येतो. मी कुणाच्या पाया पडत न्हाई."

फोन चालूच होता. अक्कांनी संगणकाची पिन उपसली आणि त्याच भोकांत मोटरची पिन घातली. स्क्रीन काळी झाली. मागच्या हौदात पाणी पडायला लागलं.

हौद भरला. पण दुपारी त्या मशीनसमोर बसल्या तेव्हा ते सुरू होईना. अक्का त्याला काही बोलल्या नाहीत. शिवी नाही, साकु नाही. मांडीवर हात ठेवून नुसत्या बसल्या. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. मग म्हणाल्या, "मास्तरीण, देव्हाऱ्याखालचा कप्पा उघड."

कप्प्यात जुन्या सिस्टीमची सीडीही होती, तिच्यावरून ती आम्ही पहिल्यापासून घातली. अमावस्येपर्यंतचं सगळं काम जसंच्या तसं परत मिळालं. नंतरचं गेलं, आणि ती पत्रिका नंतरचीच होती. मी मजकूर वाचायचा, अक्कांनी जुळवायचा, असा रविवार गेला. आहेराचा मजकूर आला तेव्हा त्यांचा आवाज परतला. "'आहेर आणू नये' लिही म्हणतो आणि पाकीट दिलं की खिशात घालतो. लिहू का खरं?" सोमवारी पत्रिका छापखान्यात पोचली.

पुढच्या आठवड्यात बसवराज स्वतः आला. आल्या आल्या म्हणाला, "आई, जुन्या सिस्टीमला कंपनी आता फार दिवस संरक्षण देणार न्हाई. व्हायरस आला तर सगळं जाईल. मी तुझ्या भल्यासाठीच केलं."

"भलं विचारून करतेत, बसू. न विचारता करतेत त्याला चोरी म्हणतेत."

पोरगा गोरामोरा झाला. पण त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं, ते अक्कांना कळत होतं. त्यांनी विचार केला आणि संगणकाला लावलेलं नेटचं यंत्र काढून त्याच्या हातात ठेवलं. "घे. ह्याला आता नेटच नको. बाहेरचं दारच न्हाई तर चोर कुठून येतो? कुणी बाहेरची डिस्क दिली तरी ह्यात घालणार न्हाई. नेटसाठी तुझा जुना लॅपटॉप दे. पण तुझा तो प्रोग्रॅम काढून दे. माझ्या घरात यायचं तर दारातून ये, हाक मारून."

त्यानं माझ्यासमोर तो प्रोग्रॅम काढला. पुण्याचा विषय त्या मुक्कामात निघाला नाही.

अक्का पुढं काही वर्षांनी शिवैक्य झाल्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत पत्रिका जुळवत होत्या. उदगीर तोवर जिल्हा झालेलं नव्हतं. मी तेव्हा मुदखेडला शाळेत होते. मातीला जाऊन आले. महिन्याभरानं बसवराजचा फोन आला.

"मॅडम, घर आवरायलोय. आईचं मशीन तेवढं राहिलंय. भंगारवाला दारात उभाय. मला वाटतं देऊन टाकावं. पण म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

"ठेव," मी म्हणाले. "मी येते न्यायला."

"बरं," तो म्हणाला. मग फोन न ठेवताच भंगारवाल्याला सांगत असलेला त्याचा आवाज मला ऐकू आला. "जावा तुम्ही. न्हाई द्यायचं. का म्हणून काय विचारता? आमचं घर हाय."