मेहरूण, चाळीस मिनिटं

आईवडिलांना मी चाळीस मिनिटं दिली होती, आणि तो कागद चुकून घरच्याच ग्रुपवर टाकला.

कागद म्हणजे माझा दौऱ्याचा कार्यक्रम. पुण्याची एक कंपनी शेतीचे पंप विकते आणि तिच्या वतीने मी खान्देशभर डीलरांपुढे हात जोडत फिरतो. कार्यक्रम जायचा होता साहेबांना. सकाळी जळगावचे डीलर, ‘११.२० ते १२.०० मेहरूण, घर’, दुपारी अमळनेर, संध्याकाळी धुळे. त्याखाली आबांचा नुसता अंगठा आला.

आबा, म्हणजे माझे वडील, एसटीचे रिटायर कंडक्टर. वेळापत्रक दाखवावं अशी ही माणसंच नव्हेत. अठरा वर्षांपूर्वी अमळनेरजवळचं गाव मी सोडलं तेही त्यांच्याच गाडीने. त्यांनी माझं तिकीट फाडलं, ‘मांगे सरक’ म्हणाले आणि डबल बेल दिली. निदान खिडकीत तोंड लपवून रडावं म्हटलं, तर तिथे एका आजीबाईंची वांग्यांची पाटी.

आईवडील आता जळगावातच मेहरूणला राहतात; त्या घरात शिरलो तेव्हा आबा दारातच खुर्ची टाकून, घड्याळ हातात घेऊन बसलेले.

“अकरा पंचवीस. गाडी पाच मिन्ट लेट शे.”

फोनमध्ये चार टक्के चार्ज. मी टीव्हीमागे, फ्रिजमागे प्लग शोधत हिंडलो. सापडला त्यात आईचा मिक्सर. आईने शेवभाजी वाढूनच ठेवली होती. “खाय पटकन. तुनी गाडी सुटी जाई.” तीसुद्धा कटात सामील!

खरा घोर वेगळाच होता. साहेबांनी मला बढती देऊ केली होती: हैदराबाद, मोठं पद. खान्देश दुसऱ्याकडे जाणार. उत्तर त्याच दिवशी हवं होतं. बढती घेतली तर महिन्याची ही फेरी बंद. आबांना ठाऊक होतं. घड्याळाकडे बघतच म्हणाले, “घेई टाक. चाळीस मिन्टासाठे काय खान्देश धरी बठना?”

घास तोंडात असताना माझं डोकं फिरलं. “आबा, तुम्ही तर तीन मिनिटं द्यायचात!”

त्यांची गाडी रोज आमच्या फाट्यावर थांबायची. आई डब्याची पिशवी घेऊन उभी, मागे मी नि अक्का. आबा उतरायचे, डबा घ्यायचे, माझा शेंबूड पुसायचे, ‘अभ्यास?’ विचारायचे, की डबल बेल. बाकी वेळ ते कुठल्या ना कुठल्या डेपोत मुक्कामाला. आमचं लहानपण त्या तीन मिनिटांवर निघालं. पण आबा ड्युटीवर होते म्हणून थांबले, आमच्यासाठी नव्हे, असं आम्ही कधी म्हटलं का?

आई म्हणाली, “तीन कोठे? दोनच व्हतात.”

तर मंडळी, जे गावीच राहिलात ते म्हणता, हा कामाने येतो, आमच्यासाठी नाही. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात ते शरमेने रजेचे अर्ज लिहिता. मी नाही शरमणार. कंपनीच्या गाडीने येईन, कंपनीचीच बॅग घेऊन येईन आणि आईच्या हातची शेवभाजी खाऊन ढेकर देत धुळ्याला जाईन. घर म्हणजे माझ्या लेखी आता तो फाटा. तिथे गाडी थांबते, बस. किती वेळ, ते ज्याला मोजायचं त्याने मोजावं.

एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. मी तरातरा दारापुढच्या ओट्यावर गेलो आणि समोरच्या बाया वळून बघतील अशा आवाजात सुनावलं, “साहेब, हैदराबाद तुमचं तुम्हाला लखलाभ. हा भाग मी सोडणार नाही. माझे आईवडील इथे आहेत. त्यांना भेटायला येतो म्हणून तुमचे पंप विकतो, पंप विकायला येतो म्हणून भेटत नाही!”

पलीकडे शांतता. साहेब हादरले म्हणायचे. मागे आईचा पदर डोळ्यांना. मी तसाच छाती काढून उभा.

आबा खुर्चीतून उठले. माझ्या हातातला फोन घेऊन त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाले, “सारी गल्लीनी ऐकं, फक्त तुना सायेबनीच नही. फोन कव्हयना बंद शे, येडा.”