आरशातला हात आणि डाव्या हातातल्या बांगड्या

"हे सीआरपीएस आहे," डॉक्टर म्हणाले. कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. म्हणजे हाड जुळतं, जखम भरते, पण मेंदू त्या हातात दुखणं पाठवतच राहतो. रडू नाही आलं मला, संताप आला! प्लास्टर होतं तोवर मी ओरडून सांगत होते की हात आतून जळतोय. तेव्हा आधीचे डॉक्टर माझ्याकडं नाही, नवऱ्याकडं बघून म्हणाले होते, "बायकांना जरा जास्तच दुखतं."

कोगनोळीजवळ उसाच्या ट्रॅक्टरमधून रस्त्यावर पडलेल्या कांड्यांवरून माझी मोपेड घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मी निपाणीत ब्लाऊज शिवते. प्लास्टर निघालं तेव्हा हात सुजलेला, चकचकीत, बोटं आखडलेली. पंख्याचा वारा लागला तरी आग व्हायची. कातर सोडाच, दोरासुद्धा धरवत नव्हता. हात गेला तर दुकान गेलं. मग दिवसभर मी करायचं काय, भिंतीकडं बघत बसायचं?

बेळगावच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मिरर थेरपी सुरू केली. मधे आरसा उभा करायचा. दुखरा हात त्याच्यामागं लपवायचा, चांगला हात पुढं ठेवून हळूहळू उघडायचा, मिटायचा आणि बघायचं फक्त आरशात. डावा हात तिथं उजवा दिसतो. मेंदूला वाटतं, उजवा हलतोय आणि दुखत नाही. मॅडम कानडी. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "अक्का, दोन्ही हात सेम दिसायला पाहिजे. बांगड्या काढा."

उजव्या हातातल्या अपघातातच फुटल्या होत्या. डाव्यात हिरव्या काचेच्या मनगटभर होत्या. सोबत आलेल्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, ताडकन उठल्या. "माझा लेक जित्ता हाय! एक हात रिकामा झाला त्यो झाला, दुसरा न्हाय करू द्यायची."

मॅडम समजावून दमल्या. घरी आरसा लावला की आत्या पहाऱ्याला बसायच्या. आरशात हात कुठं दिसतोय, नुसत्या बांगड्याच किणकिणत होत्या. मेंदू काय खुळा आहे? माझा खरा उजवा हात तर मोकळा! आग तसूभर कमी होईना. नवऱ्याला शिंक आली तरी आत्या माझ्या डाव्या मनगटाकडं बघणार. आणि हा बाबा? "तुमचं तुम्ही बघा," म्हणून चहा पिणार.

एक दिवस नेहमीचं गिऱ्हाईक कापड परत मागायला आलं. ती बाई पिशवी घेऊन गेली आणि माझं डोकंच फिरलं. उजव्या हातानं बांगड्या निघणार नव्हत्या. डाव्या हाताला साबण फासला आणि नवऱ्यापुढं धरला. "जिवंत आहात न्हवं? मग तुम्हीच काढा."

आत्यांनी हंबरडा फोडला. "आरं, नगं रं!" नवऱ्याचे कान लाल झाले. पण त्यानं कप खाली ठेवला आणि एकेक बांगडी उतरवली.

मग आरशात बघितलं. माझा उजवा हात, मोकळा, उघडत होता. सुखानं उघडत होता! मी मोठ्यानं रडले.

तुमच्यावर ही वेळ आली तर घड्याळ, अंगठी, बांगड्या सगळं काढा. थोडं थोडं करा, दुखणं वाढलं तर थांबून विचारा. आणि कुणी आडवं आलं तर भांडा, बिनधास्त भांडा.

महिने गेले, आग ओसरली. आता कातर धरते, जाड कापडाला मात्र बोटं दमतात. नव्या बांगड्या आणल्या आणि उजव्या हातानं डाव्यात मी स्वतः चढवल्या. आत्या समोरच होत्या. मी फाडकन म्हटलं, "बघा, तुमच्या लेकाला काय झालं का?"

"न्हाय गं," त्या म्हणाल्या. "पर माझ्या फोडल्या तवा मला कुनी इचारलं व्हतं?"

मामंजी गेले त्या दिवसापासून आत्यांची दोन्ही मनगटं रिकामी आहेत. इतकी वर्षं त्या हातची भाकरी खाल्ली, पण ते हात मी बघितलेच नव्हते. राग माझा गेलेला नाही. फक्त आता तो आत्यांवर नाही.

उरलेल्या बांगड्या पुढं केल्या. "हात द्या."

त्यांनी दोन्ही हात पदराआड लपवले. बांगड्या मी समोरच्या फळीवर ठेवल्यात. उचलणार नाही.