कोवलमची अख्खी कोंबडी

चेन्नईला जायचं ठरलं ते समुद्रासाठी नव्हे. माझी मोठी बहीण रेखाताई तिथे गाड्यांच्या कंपनीत नोकरीला आहे आणि तिला चेन्नईजवळच्या कोवलमच्या (केरळातलं नव्हे) आल्बर्टशी लग्न करायचंय. आमचे वडील, अण्णा, हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. शेवटी मला म्हणाले, "जाऊन ये. माणसं कशी आहेत तेवढं खरं सांग." म्हणजे सगळं माझ्यावर आलं. सोलापूर स्टेशनवर मी तिकीट कितीदा तपासलं ते सांगत नाही.

तुम्ही जाणार असाल तर स्लीपरचं तिकीट आधीच काढून ठेवा. घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत घ्या, गाडीतल्या जेवणाचा भरवसा नाही. ताई नुंगंबाक्कमला हॉस्टेलवर राहते, म्हणून मीही तिथलंच लॉज बघितलं. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा.

रविवारी सकाळी मैलापूरला पोंगल आणि कॉफी घेऊन आम्ही कोवलमची बस धरली. डावीकडची खिडकी मिळवा. समुद्र सारखा दिसत नाही, मध्ये रिसॉर्टच्या भिंती येतात, पण दिसतो तेव्हा छान वाटतं.

आल्बर्टचं घर किनाऱ्यालगत आहे, दारातच जाळी वाळत होती. मला वाटलं मासे असतील. पण माझ्यासाठी त्याच्या आईने, म्हणजे अम्मांनी, अख्खी कोंबडी केली होती. पोटात उकडलेली अंडी भरून जड भांड्यात मंद भाजलेली. त्यांच्याकडे पहिल्यांदा आलेला पाहुणा ती कापतो आणि सगळ्यांना वाढतो. सुरी माझ्या हातात आली.

आमच्याकडे कोंबडी दुकानातून तुकडे होऊनच येते. मी सुरी सरळ हाडावर टेकवली. अम्मा शेजारी येऊन तमिळमध्ये सांगू लागल्या, ताई मराठी करत होती. "तंबी," म्हणजे धाकट्या भावा, "हाडावर जोर लावू नकोस. मांडी बाहेर दाब, सांधा आपोआप दिसेल." खरंच दिसला. सुरी अलगद आत गेली. मग छातीचे पातळ काप निघाले, जवळजवळ सारखे.

वाढताना मात्र मी नीट विचार केला होता. दोन्ही तंगड्या पुरुषांना, आल्बर्टला आणि त्याच्या वडिलांना, म्हणजे अप्पांना. ताईला मान, कारण घरी ती नेहमी तीच घेते.

अम्मा ताईच्या ताटाकडे बघत राहिल्या. अप्पांनी आपली तंगडी ताईच्या ताटात ठेवली, मान स्वतःकडे घेतली आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. सगळे हसले. ताईने या वेळी मराठी केलं नाही, ते आल्बर्टने मोडक्या हिंदीत मला सांगितलं. ही दर रविवारी इथे येऊन तंगडी खाते, आज भाऊ आलाय म्हणून लाजतेय.

"तुला मान आवडते ना?" मी हळूच विचारलं.

"तंगड्या दोनच असतात रे," ताई म्हणाली आणि हाडापर्यंत चाटून खाऊ लागली. इतकी निवांत जेवताना मी तिला घरी कधी बघितलं नव्हतं.

परत आल्यावर अण्णांनी जेवताना विचारलं, "कशी आहेत माणसं?"

गाडीत मी पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "ताईला तंगडी आवडते. त्यांना माहीत आहे."

आई वाढता वाढता थांबली. अण्णांनी हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"आल्बर्टच्या वडिलांना मराठी येत नसेल," ते म्हणाले.

"नाही."

"मग रेखालाच फोन लाव. म्हणावं, तारीख कुठली धरायची ते त्यांना विचार."